जखमेचा डिंक

सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या कोरड्या उतारांवर, उन्हाळ्यात पानं गाळून पांढरंफटक उभं राहणारं एक झाड असतं. कांडोळ. कुणी त्याला सालढोल म्हणतं, कुणी पांढरुख. खोडावर घाव घातला की तिथून डिंक पाझरतो. झाडाच्या लेखी ती मलमपट्टी, माणसाच्या लेखी माल. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. कांडोळाचा विरघळत नाही, कित्येक पटींनी फुगतो. चिमूटभर भुकटी वाटीभर पाण्यात टाकून ठेवा. सकाळी हाताला जे लागेल ते ना पातळ, ना घट्ट. ओल्या मांसासारखं काहीतरी.

जगाच्या बाजारात हा डिंक 'कराया' नावाने ओळखला जातो आणि तो प्रामुख्याने भारतातूनच जात आला. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँडच्या रुपर्ट टर्नबुल या शल्यचिकित्सकाने तो वेगळ्याच कामाला लावला. आतड्याचं तोंड पोटावर काढलेल्या रुग्णांची त्या भोवतीची कातडी सोलवटते. कराया ओल्या कातडीला धरून राहतो आणि तिचं रक्षण करतो. इकडे मागणीपायी कुऱ्हाडीचे घाव खोल जात राहिले आणि पुष्कळ झाडं त्या जखमांनीच मेली.

मांसासारखं दिसणं वेगळं आणि मांसासारखं वागणं वेगळं. मनगटावरची कातडी चिमटीत धरून ओढून पाहा. आधी सहज येते, मग एकाएकी ताठरते. आतले कोलॅजनचे तंतू सैल, नागमोडी असतात. ते सरळ होईपर्यंत ओढ जाणवत नाही, सरळ झाले की तेच ताण घेतात. डिंकाच्या गोळ्यात ही सोय नाही. तो ओढला की तुटतो आणि तुटला की तुटलेलाच राहतो.

कारखान्यात घडवलेल्या अशा मऊ पदार्थांची आधुनिक गोष्ट बहुधा प्रागपासून सांगतात. ओट्टो विख्टरले आणि द्राहोस्लाव लीम यांनी १९६० साली 'नेचर'मध्ये शरीराला चालेल अशा पाणीदार जेलविषयी लिहिलं. पुढच्याच वर्षी नाताळात विख्टरले यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरीच मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. पण ही जेल मऊ असली तरी नाजूक होती. कूर्चेच्या ताकदीकडे जाणारी जेल जपानात होक्काइदोला ज्यान पिंग गोंग यांच्या गटाने दाखवली ती २००३ साली: एकात एक गुंतलेली दोन जाळी, एक तुटून ताण जिरवणारं, दुसरं ताणलं जाणारं.

उरला प्रश्न जखम भरून येण्याचा. त्याचा एक धागा पुण्यात, १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सापडतो. तिथे रघुनाथ माशेलकर, आशिष लेले आणि तेव्हा पीएच.डी. करणाऱ्या शायनी वर्गीस एका जेलवर काम करत होते. तिच्या रेणुसाखळीला बाजूने लोंबणारे छोटे हात होते, टोकाला आम्लगट. तांब्याच्या आयनांच्या मदतीने ही जेल सांधली जाते, हे त्यांनी २००६ साली मांडलं. पुढे वर्गीस कॅलिफोर्नियात गेल्या. २०१२च्या त्यांच्या शोधनिबंधावर माशेलकर आणि लेले यांचीही नावं आहेत, पण बातम्या झाल्या त्या सॅन डिएगोच्या नावाने. तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

या वेळी धातूचीही गरज उरली नव्हती. आम्लात दोन तुकडे टेकवले की काही सेकंदांत ते जुळतात. लोंबणारे हात सांध्यापलीकडे पोचून समोरच्या हाताला हायड्रोजन बंधांनी धरतात. हात आखूड असले तर पोचत नाहीत. फार लांब असले तर पाण्याला टाळत आपापसातच गोळा होतात. सगळी करामत लांबी अचूक निवडण्यात आहे. जठरातल्या छिद्राला बूच, अल्सरवर औषध चिकटवून ठेवणं, असे उपयोग संशोधकांनी सुचवले. जठरात आम्ल आयतंच असतं.

रक्ताचा पीएच मात्र ७.४ असतो. तिथे आम्लगटांवर ऋण भार येतो, हात एकमेकांना दूर लोटतात आणि जुळलेला सांधा पुन्हा सुटतो.