राखण, पाळत आणि खासगी

गढा ही गोंड राजांची जुनी राजधानी आज जबलपूर शहराचा एक भाग आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा प्रदेश प्रथम सागरच्या मराठ्यांकडे, मग नागपूरकर भोसल्यांकडे गेला. 1817 मध्ये तेथे इंग्रजी अंमल आला. अशा जुन्या वस्तीत दारावर लावलेला कॅमेरा घराबरोबर समोरचा रस्ताही टिपतो. अपघात, आग वा चोरीच्या प्रसंगी ते चित्रण पोलिसांच्या हाती द्यावे काय, हा प्रश्न वरकरणी तंत्राचा वाटतो. मात्र त्याचा इतिहास मराठीतील तीन शब्दांत साठलेला आहे.

पहिला शब्द 'राखण'. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या महार रखवालदाराची कामे नोंदलेली आहेत: रात्री पहारा देणे, येणाऱ्याजाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, संशयिताची वर्दी पाटलास देणे आणि चोराचा माग काढणे. हे काम जातीने लादलेले होते, हे विसरता येत नाही. तथापि ही माहिती माणसाच्या स्मरणात राही आणि स्मरणाबरोबर विरून जाई.

दुसरा शब्द 'पाळत'. राखण वस्तीची असते, पाळत व्यक्तीवर असते. मध्य प्रदेशच्या पोलीस नियमांतील पाळतीच्या तरतुदींना गोविंद या याचिकाकर्त्याने आव्हान दिले. 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नियम कायम ठेवले. परंतु समाजाच्या सुरक्षिततेला खरा धोका असेल तेथेच ते लागू करावेत, अशी मर्यादाही सुचविली.

तिसरा शब्द 'खासगी' सर्वांत लक्षणीय ठरतो. होळकरांच्या राज्यात खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. दौलत त्याहून वेगळी. म्हणजे हा शब्द आरंभी राजघराण्याचा होता, रयतेचा नव्हे. सामान्य माणसाच्या खासगीला घटनात्मक हक्काची मान्यता 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी दिली. त्याच निकालाने आणीबाणीतील 'एडीएम जबलपूर' हा 1976 चा निर्णय रद्दबातल ठरविला. त्या जुन्या बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. तो रद्द करणारे निकालपत्र त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. गढ्याच्या शहराचे नाव असे या इतिहासात दोनदा येते.

पुट्टस्वामी निकालाने शासनाच्या हस्तक्षेपासाठी कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या घातल्या. पोलिसांनी लेखी आदेशाने चित्रण मागितले, तर त्या कसोट्या लावता येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 94 तशा मागणीला आधार देते. घरमालकाने ते आपखुशीने दिले, की त्या कसोट्यांना सहज वळसा पडतो. शिवाय 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने व्यक्तीचा घरगुती वापर आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. येथे संमती देतो तो कॅमेऱ्याचा मालक. चित्रात असते ती रस्त्यावरून जाणारी शेजारीण. तिला कोणी विचारीत नाही.

आग लागली असता दहा मिनिटांचे चित्रण देणे ही राखण होय. कोणत्याही प्रसंगाविना महिनाभराचे चित्रण सोपविणे ही पाळत. कॅमेरा तोच असतो. प्रसंग, मुदत आणि हेतू यांनी शब्द बदलतो. जुन्या रखवालदाराला विस्मरण होते, यंत्राला ते नाही. म्हणून विस्मरणाची तरतूद आता नियमानेच करावी लागेल.