ग्रंथिक सन्निपात आणि लोकांची समजूत (१८९६–१९०२)

मुंबई-पुण्याच्या प्लेगविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. पण तें बहुतेक रँडच्या वधाभोंवतीं फिरतें. तो प्रसंग मोठा खरा. तथापि त्यापूर्वींचा एक प्रश्न त्यामुळें मागें पडतो. सरकारजवळ कायदा होता, पलटण होती, लवकरच लसहि आली. मग लोकांस समजावून सांगणारीं माणसें आधीं तयार कां नव्हतीं?

प्रथम तारखा पाहाव्या. मांडवींतील रोग प्लेगच होय, असें मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं सप्टेंबर १८९६ मध्यें जाहीर केलें. ऑक्टोबरांत रोग्यांस सक्तीनें हलविण्याचा हुकूम सुटला, आणि महिनाअखेरीस गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. इस्पितळांत गेलेला मनुष्य परतत नाहीं, ही समजूत चाळीचाळींतून पसरली होती. तीस निव्वळ अडाणीपणा म्हणणें अन्यायाचें होय. पुष्कळ रोगी अगदीं शेवटच्या घटकेस तेथें पोंचत, आणि त्यांचीं प्रेतेंच नातलगांच्या दृष्टीस पडत. हें उलगडून सांगण्याचें काम मात्र कोणावरहि सोंपविलेलें नव्हतें.

ता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यांत मार्च महिन्यांत गोरे सोल्जर घरोघर झडती घेऊं लागले. त्याच मार्चच्या १० तारखेस सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना स्वतः त्या रोगानें वारल्या. एकाच शहरांतील या दोन गोष्टी शेजारीं ठेवून वाचाव्या. टिळकांनींहि रोगनिवारणास विरोध केला नाहीं. झडतीच्या रीतीवर टीका करीत असतांच त्यांनीं हिंदूंसाठीं प्लेगचें इस्पितळ काढण्यांत पुढाकार घेतला. म्हणजे लोकांचा ज्यांवर विश्वास होता अशीं माणसें होतीं. त्यांस अगोदर हाताशीं धरण्याची बुद्धि अंमलदारांस झाली नाहीं.

हाफकिन यांची रीत निराळी. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं आपली लस प्रथम स्वतःच्याच अंगीं टोंचून घेतली. पुढें आगाखानांनीं ती उघडपणें टोंचून घेतली, तेव्हां खोजा जमातीचें भय पुष्कळ ओसरलें. हुबळीस १८९८ मध्यें हजारों लोकांनीं टोंचून घेतलें. मुंबईंत मात्र त्याच वर्षीं मार्चमध्यें दंगा उसळला. नंतर सरकारनें सक्ती सैल केली व जातीजातींच्या पुढाऱ्यांचें साहाय्य घेतलें. आमच्या मतें ही वाट दीड वर्ष आधीं मोकळी होती. मिळविलेला विश्वासहि पक्का नसतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मुलकोवाल येथें एकाच बाटलींतील लस टोंचलेले एकोणीस लोक धनुर्वातानें मेले, आणि टोंचणीचें नांव कित्येक वर्षें डागाळलें.

या इतिहासाचीं साधनें दप्तरखान्यांतील हुकुमांपुरतीं नाहींत. आमचे संग्राहक मित्र मोडी कागदावर जीव टाकतात, आणि छापील चिठोरें दिसलें कीं बाजूस सारतात. टोंचणीचे दाखले, प्रवासाचे प्लेगपास, जातीच्या सभांचीं आमंत्रणें, त्या दोन वर्षांतील घरगुती पत्रें हीं ज्यांच्या पेटाऱ्यांत असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. दाखल्याची मागची बाजूहि पाहावी. तेथें कधीं कधीं हस्ताक्षर असतें.