डेव्हनचा सिनेटर, पुण्याचा जावई आणि एक रिकामी खुर्ची

शिकागोत राहणारा मराठी माणूस डेव्हन ॲव्हेन्यूवर जातो तो पिशवी घेऊन. मेथी, कढीपत्ता, भाजणीचं पीठ, गणपतीच्या दिवसांत मोदकांचा साचा. पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर सुरू झालं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण पुढच्या वेळी गेलात की जरा मान वर करून कोपऱ्यावरच्या तपकिरी पाट्या बघा. एका टप्प्यात गांधी मार्ग, पुढे मोहम्मद अली जिना वे, आणखी पुढे गोल्डा मायर बुलेव्हार्ड. एकाच रस्त्याला तीन देशांचे नेते!

ही मानाची नावं. शिकागोत असं नाव द्यायचं तर प्रस्ताव मांडतो त्या भागाचा आल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवक. नुसत्या पाट्यांचंच नाही. दुकानाचा बोर्ड फूटपाथवर पुढे काढायचा असेल, जागेचा वापर बदलायचा असेल, तर वर्षानुवर्षांचा अलिखित नियम असा की ज्याचा वॉर्ड त्याचा शब्द. बाकीचे नगरसेवक त्यात ढवळाढवळ करत नाहीत. डेव्हनवरच्या देशी दुकानांचा मुख्य पट्टा पन्नासाव्या वॉर्डात येतो. तिथं बर्नार्ड स्टोन १९७३ पासून २०११ पर्यंत नगरसेवक होते. म्हणजे हा रस्ता देशी झाला तो सगळा काळ एकाच माणसाच्या कारकिर्दीत गेला.

या भागात आपण नेत्यांच्या 'खासगी भानगडीं'बद्दल बोलणार आहोत. विषय चहाबरोबर चघळायचा वाटतो, आणि अडचण तिथंच आहे. भानगड चघळली जाते, आणि तिच्यातली कामाची गोष्ट बशीत तशीच राहून जाते.

२०१७ चं उदाहरण घेऊ. २०११ मध्ये स्टोन यांना हरवून डेब्रा सिल्व्हरस्टीन या वॉर्डाच्या नगरसेविका झाल्या. त्यांचे पती आयरा सिल्व्हरस्टीन हे १९९९ पासून याच परिसराचे राज्याच्या सिनेटमधले प्रतिनिधी. बायको शहराच्या सभागृहात, नवरा राज्याच्या. यात बेकायदा काही नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला तर यात नवल वाटायचंही कारण नाही.

३१ ऑक्टोबर २०१७ ला, 'मी टू'ची लाट ऐन भरात असताना, पीडितांच्या हक्कांसाठी काम करणारी एक कार्यकर्ती विधिमंडळाच्या समितीसमोर उभी राहिली. ती एका विधेयकासाठी सिल्व्हरस्टीन यांच्याबरोबर काम करत होती. तिचं म्हणणं असं, की विधेयकाचं काम चालू असताना सिनेटरांचे रात्री उशिरा फोन यायचे, फेसबुकवर नको तितके सलगीचे संदेश यायचे, आणि विधेयक त्यांच्या हातात असल्यामुळे तिला ते तोडताही येत नव्हतं. सिल्व्हरस्टीन यांनी छळाचा आरोप नाकारला. तिला अवघडल्यासारखं वाटलं असेल तर माफी मागतो, असं म्हणाले. पक्षातलं नेतृत्वाचं पद मात्र त्यांनी सोडलं.

इथपर्यंतची गोष्ट तुम्ही दहा ठिकाणी ऐकली असेल. आता पुढचं बघा. या बाईंनी तक्रार केली होती ती आदल्या वर्षी, नोव्हेंबर २०१६ मध्ये. मग वर्षभर काय झालं? काहीच नाही. कारण आमदारांविरुद्धच्या तक्रारी तपासण्यासाठी इलिनॉयमध्ये जे महानिरीक्षकाचं पद आहे, त्या खुर्चीत जवळपास तीन वर्षं कोणी बसलेलंच नव्हतं. नेमणूक करायची होती आमदारांनीच, आणि कोणाला घाई नव्हती. तक्रारी मात्र येतच होत्या. गाजावाजा झाल्यावर कळलं, की अशा २७ तक्रारी पडून आहेत. मग काही दिवसांतच ज्यूली पोर्टर या माजी सरकारी वकिलांची नेमणूक झाली, आणि जुन्या तक्रारींची मुदत उलटू नये म्हणून कायदाही बदलावा लागला.

जानेवारी २०१८ मध्ये पोर्टर यांचा अहवाल आला. लैंगिक छळ सिद्ध होत नाही, पण वागणं लोकप्रतिनिधीला शोभणारं नव्हतं, असा त्याचा सारांश. दोन्ही वाक्यं लक्षात ठेवायला हवीत. सोयीचं तेवढं एक उचलून चालणार नाही. मार्च २०१८ च्या प्राथमिक निवडणुकीत सिल्व्हरस्टीन हरले. जिंकले राम विल्लीवलम, भारतातून आलेल्या आईवडिलांचे चिरंजीव आणि इलिनॉयच्या सिनेटमध्ये निवडून गेलेले पहिले आशियाई-अमेरिकन.

आमच्या मते या प्रकरणातली मोठी भानगड ते संदेश नव्हते. मोठी भानगड ती रिकामी खुर्ची होती. एका माणसाचं वागणं कसं होतं यावर लोकांचं दुमत होऊ शकतं. २७ तक्रारी ऐकायला कोणीच नव्हतं, यावर दुमत कसलं?

आता थोडं घरी जाऊ. महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांच्या खुर्च्या हलल्या त्या प्रेमप्रकरणांनी फारशा नाही. हलल्या त्या मुलीबाळींच्या आणि जावयाच्या निमित्तानं.

शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांची मुलगी मुंबई विद्यापीठाच्या एम.डी.च्या परीक्षेला बसली होती. तिच्या गुणांमध्ये फेरफार झाल्याचा आरोप घेऊन एक डॉक्टर मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये निलंगेकरांनी राजीनामा दिला. नऊ-दहा महिन्यांत मुख्यमंत्रिपद गेलं. पुढे अपील सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं.

मनोहर जोशींची गोष्ट पुण्याची. प्रभात रोडच्या भागात एका प्लॉटवर प्राथमिक शाळेचं आरक्षण होतं. ते उठलं आणि तिथं इमारत उभी राहिली. बिल्डर होते गिरीश व्यास, म्हणजे मुख्यमंत्र्यांचे जावई. पुण्यातले नागरिक न्यायालयात गेले. जानेवारी १९९९ च्या अखेरीस जोशींनी राजीनामा दिला, मार्चमध्ये उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो कायम ठेवला. आरक्षण उठल्यापासून मोजलं तर डझनभर वर्षांहून जास्त. तेवढ्यात पहिलीत जायचं मूल कॉलेजात पोहोचलं असतं.

या दोन्ही गोष्टींत 'खासगी' काय होतं? मुलगी डॉक्टर व्हावी असं वाटणं खासगी. जावयाचा धंदा चालावा असं वाटणंही खासगी. कुठल्या बापाला, कुठल्या सासऱ्याला तसं वाटत नाही? पण गुणपत्रिका विद्यापीठाची असते आणि शाळेचा प्लॉट शहराचा असतो. घरातली इच्छा सरकारी कागदाला जाऊन भिडली, की ती खासगी राहत नाही. हितसंबंधांचा संघर्ष हे भारदस्त शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. त्याचा अर्थ एवढाच, की सही करणारा हात ज्याच्यासाठी सही करतोय तो त्याच्याच घरातला आहे.

बरं, हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. डेव्हनपासून तासाभराच्या अंतरावर, शिकागोच्या नैर्ऋत्येला, एड बर्क १९६९ ते २०२३ अशी ५४ वर्षं नगरसेवक होते. त्यातली कित्येक वर्षं महापालिकेच्या वित्त समितीचे अध्यक्षही. शिवाय त्यांची स्वतःची वकिली फर्म होती, मोठ्या इमारतींचा मालमत्ता कर कमी करून देणारी. एका हातानं शहराची तिजोरी सांभाळायची आणि दुसऱ्या हातानं त्या तिजोरीत येणारा कर कमी करून फी घ्यायची. विशेष म्हणजे हे दशकानुदशकं उघडपणे चाललं आणि नुसतं तेवढं करणं गुन्हा नव्हतं. २०१७ मध्ये त्यांच्या वॉर्डातल्या एका बर्गर किंगचं नूतनीकरण अडलं, आणि मालकांनी करांचं काम आपल्या फर्मला द्यावं म्हणून दबाव आणल्याचा आरोप झाला. डॅनी सोलिस हे दुसरे नगरसेवक एफबीआयसाठी छुपं रेकॉर्डिंग करत होते. डिसेंबर २०२३ मध्ये बर्क १४ पैकी १३ आरोपांत दोषी ठरले, आणि जून २०२४ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. नगरसेवकांनी अशी करवकिली करू नये हा नियम शहरानं २०१९ मध्ये केला, म्हणजे प्रकरण बाहेर आल्यानंतर.

आता या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. निलंगेकर आणि जोशी यांच्या बाबतीत दार उघडं होतं ते उच्च न्यायालयाचं. एक डॉक्टर, काही पुणेकर, हातात कागद, एवढ्यावर काम झालं. गंमत म्हणजे महाराष्ट्रानं लोकायुक्तांचा कायदा १९७१ सालीच केला होता, बहुतेक राज्यांच्या कितीतरी आधी. पण त्या लोकायुक्तांच्या हातात शिफारस करण्यापलीकडे फारसं काही नव्हतं. बर्क सापडले ते केंद्राच्या तपास यंत्रणेला, शहराच्या नाही. आणि डेव्हनच्या सिनेटरांच्या बाबतीत आधी खुर्ची रिकामी, मग अहवाल, आणि शेवटचा निर्णय मतदारांचा. दरवेळी नियम तिथं होताच किंवा सहज करता आला असता. प्रश्न असा होता की सामान्य माणसाला ठोठावायला एखादं दार आहे का, आणि आत कोणी बसलंय का.

शेवटी एक अवघड गोष्ट, कारण ती आपल्याबद्दल आहे. २००८ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर रॉड ब्लागोयेविच यांना अटक झाली. बराक ओबामांच्या रिकाम्या झालेल्या सिनेटच्या जागेचा सौदा करत होते, हा मुख्य आरोप. त्या प्रकरणाच्या बातम्यांत भारतीय-अमेरिकन देणगीदारांचाही उल्लेख वारंवार आला. तेव्हा आपला समाज नुसता प्रेक्षक असतो असं नाही. नेत्याबरोबरचा फोटो, मंडळाच्या कार्यक्रमाला त्यांची हजेरी, निवडणूक निधीला चेक, यांत गैर काही नाही. पण चेक लिहिताना मनात 'पुढे कधी काम पडलं तर' हे शब्द असतील, तर त्या टेबलावर आपणही बसलेलो आहोत.

आणि 'आपला माणूस' निवडून आला की आनंद होतोच, व्हायलाही हवा. तीस वर्षांपूर्वी डेव्हनवर पिशवी घेऊन फिरणाऱ्या आपल्या काका-मावशींना हे स्वप्न वाटलं असतं. पण 'आपला माणूस आहे, सांभाळून घ्या' हे वाक्य आपण निलंग्यातही ऐकलंय, पुण्यातही आणि शिकागोतही. दुसऱ्याच्या माणसाला विचारले असते तेच प्रश्न आपल्या माणसालाही विचारायचे: घरातलं कोण कुठल्या धंद्यात आहे? त्या धंद्याचा कागद तुमच्या टेबलावर येतो का? आणि तुमच्याविरुद्ध तक्रार करायची झाली तर ती कोण वाचणार?

तुम्ही न्यू जर्सीत असा, लंडनमध्ये असा की सिडनीत, हा तिसरा प्रश्न तुमच्या शहरासाठी एकदा शोधून बघा. संकेतस्थळावर पदाचं नाव मिळेल. त्या पदावर आज कोणी बसलंय का, तेही बघा.