खेळण्याच्या खोक्यावरचे वय काय सांगते?

'३ वर्षांवरील मुलांसाठी' असे खोक्यावर छापलेले असले, तरी 'आमची चिमी हुशार आहे' म्हणत घरातली मंडळी ते खेळणे दीड वर्षाच्या मुलीला आणतात. हा आकडा हुशारी पाहून ठरवलेला नसतो. लहान मूल हाती लागेल ते तोंडात घालते, त्याची श्वासनलिका अरुंद असते आणि अडकलेली वस्तू खोकून बाहेर टाकण्याइतका जोर त्याच्यात नसतो. तीन वर्षांची अट मुख्यतः त्यासाठी असते.

चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचे, तिरप्या तळाचे एक छोटे नळकांडे वापरतात. खेळण्याचा सुटा किंवा तुटून निघालेला भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर ते खेळणे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नापास. म्हणून खरेदी करताना बाहुलीचे डोळे, गाडीची चाके, बटणे जरा जोर लावून ओढून पाहावीत. आपल्या घरातल्या गोट्या, चिंचोके, सागरगोटे यांवर तर वय छापलेलेच नसते. ते मोठ्या भावंडांनी खेळून झाल्यावर उचलून ठेवावेत. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही लगेच गोळा करावेत.

सर्वांत जपावे ते बटण सेलला. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, की ओलाव्यामुळे वीज वाहू लागते आणि तिथे तीव्र अल्कली तयार होते. दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. 'संपलेला' सेलही निर्धोक नसतो. सुरुवातीला मूल फक्त लाळ गाळते किंवा जेवायला नको म्हणते. नुसता संशय आला तरी उलटी करवू नये. एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय ताबडतोब गाठावे. शक्तिशाली चुंबकांच्या बाबतीतही हीच घाई हवी, कारण एकाहून अधिक गिळल्यास ते आतड्याच्या भिंती मध्ये चिमटून छिद्र पाडू शकतात. सेलच्या कप्प्याला स्क्रू नसेल, तर ते खेळणे दुकानातच ठेवलेले बरे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ आणि विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू आहे. चिन्हाखाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला, की उत्पादकाचे नाव दिसते. ते खोक्यावरच्या नावाशी जुळले पाहिजे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या नियमातून सूट आहे. त्यामुळे लाकडी खेळण्यावर चिन्ह नाही म्हणजे ते वाईट असे नव्हे, पण तिथे तपासणी आपल्यालाच करावी लागते: कडांवरून बोट फिरवावे, कुसळे लागतात का ते पाहावे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून रंग उतरतो का ते बघावे.