चकाकी गेली ती गेलीच

भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी सोल्डरिंग शिकले, तिथे टाक्याची परीक्षा डोळ्यांनीच व्हायची. चकचकीत दिसला तर पास. मळकट दिसला तर ‘कोल्ड जॉइंट’, पुन्हा कर. सोल्डरच्या तारेत ६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसे. १८३ अंशांना ती एकदम वितळायची आणि एकदम थिजायची, मधली लापशी अवस्थाच नाही. इतकी गुणी तार पुन्हा झाली नाही, असं माझं ठाम मत.

मग युरोपचा कायदा आला. १ जुलै २००६ पासून तिथे विकायच्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांत शिशाला बंदी. जपानी कंपन्या आधीच त्या वाटेला लागल्या होत्या. आमचा माल युरोपात जायचा, म्हणून नवी तार आली: ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. वितळायला २१७ अंश तरी हवेतच. आयर्नची बिटं भराभर झिजू लागली. कथिलाची भूक अशी, की बोर्डावर एकदम सगळे टाके घालणाऱ्या वेव्ह मशीनचं स्टीलचं भांडंही ते आतून खाऊ लागलं.

पहिल्या आठवड्यात मी बोर्डांचा ढीग नापास केला. सगळे टाके खडबडीत, राखाडी! नंतर कळलं, या तारेचा चांगला टाकाच असा निस्तेज दिसतो. सगळे बोर्ड मुकाट्याने परत पास केले.

घरचा रेडिओ मात्र अजून जुन्याच तारेने जोडते. खिडकी उघडून, आणि नंतर हात साबणाने धुऊन.