सँडिंग यंत्राची देखभाल व दुरुस्ती

सँडिंग यंत्र हे फिरत्या अपघर्षक पट्ट्याने किंवा तबकडीने लाकूड, धातू अथवा प्लॅस्टिकचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत करणारे यंत्र आहे. घरगुती कार्यशाळेत मेजावर बसविलेले, पट्टा व तबकडी एकाच मोटरवर चालविणारे यंत्र प्रचलित आहे. हाताने काचकागद घासण्याच्या कामाची जागा या यंत्राने घेतली असली, तरी त्यातून उडणारी धूळच त्याचे भाग सर्वाधिक झिजविते.

पार्श्वभूमी

सिलिकॉन कार्बाइड हे कृत्रिम अपघर्षक अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन यांनी १८९१ मध्ये तयार केले. भारतात ग्राइंडवेल या कंपनीने १९४१ मध्ये सहाणचक्क्यांचे उत्पादन सुरू केले. पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन या नावाने ओळखली जाऊ लागली.

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातील चिंचोळी एमआयडीसी ही औद्योगिक वसाहत सोलापूर–पुणे महामार्गावर आहे. मोटार इंजिनांसाठी कॅमशाफ्ट बनविणाऱ्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे कारखाने येथे आहेत. कॅमशाफ्टसारख्या भागांना अचूक माप व गुळगुळीतपणा अपघर्षण प्रक्रियेनेच मिळतो. कारखान्यातील धुळीच्या बंदोबस्ताची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम १४ अन्वये करण्यात आली. घरी हौसेने चालविलेल्या कार्यशाळेला कारखान्यांविषयीचे असे नियम लागू होत नाहीत. तेथे यंत्राची व स्वतःच्या आरोग्याची जबाबदारी वापरणाऱ्यावरच असते.

रचना

पट्टा दोन रुळांवर ताणलेला असतो. एक रूळ मोटरने फिरतो, तर दुसरा स्प्रिंगच्या साहाय्याने ताण देतो. रूळ मध्यभागी किंचित फुगीर असतो. फिरता पट्टा अधिक व्यासाच्या भागाकडे सरकत असल्याने तो मध्यावर टिकून राहतो. पट्ट्याखालील सपाट धातूच्या पाटावर वस्तूचा दाब येतो. भारतातील ५० हर्ट्झ विद्युतपुरवठ्यावर चार ध्रुवांची प्रेरण मोटर मिनिटाला सुमारे १,४४० फेरे घेते. त्या गतीला १५० मिमी व्यासाच्या तबकडीच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ११ मीटर होतो.

नियमित देखभाल

कोणतेही काम करण्यापूर्वी प्लग काढणे आवश्यक असते. प्रत्येक वापरानंतर रूळ, पाट व मोटरच्या हवेच्या फटी ब्रशने किंवा व्हॅक्यूमने साफ केल्या जातात. राळेने भरलेला पट्टा यंत्र चालू ठेवून रबराच्या सफाई कांडीने स्वच्छ करता येतो. सुटे पट्टे घडी न घालता, ओलाव्यापासून दूर, जाड नळीवर टांगून ठेवतात. पावसाळ्यातील दमट हवेने पट्ट्याचा सांधा कमकुवत होऊ शकतो. पट्ट्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेनेच बसवावा लागतो. टेबल तबकडीशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून तपासतात.

सामान्य बिघाड

पट्टा एका बाजूला सरकत असल्यास प्रथम दिशा-नियंत्रणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवून पाहतात. त्याने फरक न पडल्यास नवा पट्टा लावून पाहतात. नवा पट्टाही सरकत असेल, तर रुळाची झीज किंवा ढिले बेअरिंग हे कारण असण्याची शक्यता असते. या क्रमाने तपासल्यास चांगला भाग विनाकारण बदलला जात नाही.

सपाट वस्तूच्या कडा गोल होत असतील, तर पाट खोलगट झाला आहे का, हे सरळ पट्टी ठेवून पाहतात.

रूळ हाताने फिरविल्यावर खरखर आवाज आल्यास बेअरिंग बदलावे लागते. धुळीच्या कामासाठी दोन्ही बाजूंना रबरी आवरण असलेले बेअरिंग धातूच्या झाकणाच्या बेअरिंगपेक्षा अधिक योग्य ठरते.

मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, अशा वेळी कपॅसिटर निकामी झालेला असू शकतो. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. त्यामुळे तो रिकामा केल्याशिवाय हात लावणे धोक्याचे असते. नव्या कपॅसिटरची धारिता जुन्याइतकीच असावी लागते आणि व्होल्टेज जुन्यापेक्षा कमी असून चालत नाही. हातात धरावयाच्या सँडरमध्ये कार्बन ब्रश असतात. ठिणग्या वाढल्यास ते जोडीने बदलतात.

सुरक्षितता

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या गटात केला आहे. त्यामुळे मुखपट्टी, चष्मा व धूळ खेचण्याची सोय आवश्यक मानली जाते. लाकडाचा भुसा साठलेल्या यंत्रावर लोखंड घासल्यास ठिणगीने भुसा धुमसू लागतो व काही वेळाने पेट घेऊ शकतो. म्हणून धातूकाम करण्यापूर्वी धुळीची पिशवी व नळी रिकामी केली जाते. तबकडीवर वस्तू नेहमी खाली जाणाऱ्या बाजूस धरतात. वर जाणाऱ्या बाजूस ती उचलली जाऊन फेकली जाते. सैल कपडे व हातमोजे फिरत्या भागात अडकू शकत असल्याने ते वापरले जात नाहीत.