लॅपटॉप तापतोय? आधी टिफ्रॅक आठवा

मढच्या दमट, खाऱ्या हवेत प्रबंध लिहिताय आणि लॅपटॉप तापतोय? ही अडचण जुनीच आहे बघा. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली कार्यान्वित झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकात सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. ट्यूबमधला कॅथोड तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत; म्हणजे उष्णता ही तिथे कामाची अटच होती. तुमच्या प्रोसेसरला मात्र ती नकोच असते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो स्वतःच वेग कमी करतो.

म्हणून आधी डेटाचा बॅकअप घ्या. मग लॅपटॉप गादीवरून टेबलावर ठेवा, जाळीतली धूळ काढा, पंखा तपासा, थर्मल पेस्ट शेवटी. एका वेळी एकच बदल करा आणि तापमान नोंदवा. नाहीतर फरक कशाने पडला, ते कळणारच नाही. संशोधनाचंही तसंच असतं.